कुत्र्याला आसरा देणे : दया आणि जबाबदारी



कामगार संघटनेत तीस वर्षे घालवलेल्या माणसाने या व्यासपीठावरून बोनसवर, कंत्राटी पद्धतीवर किंवा नव्या श्रमसंहितांवर बोलावे, अशी अपेक्षा असते. चिटणीसांनी मला विषय विचारला आणि मी ‘रस्त्यावरचे कुत्रे उचलून त्याला घर मिळवून देणे’ असे सांगितले, तेव्हा मी थट्टा करतो आहे असे त्यांना वाटले. पण ही थट्टा नव्हे. आपल्या गावात प्रत्येक आळीत एखादी तरी दयाळू व्यक्ती कुत्र्याचे पिल्लू उचलून घरी आणते, आणि पुढे त्या पिल्लाचे, त्या घराचे आणि शेजाऱ्यांचे काय होते याचा विचार फारसा कोणी करीत नाही. मी पशुवैद्य नाही, वकीलही नाही. माझी शाळा नववीत सुटली. नंतरचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि स्वतःच्या चुकांतून झाले. आज जे सांगणार आहे त्यातला बराच भाग त्या तिसऱ्या शाळेतला आहे. म्हणून आधी माझी चूक सांगतो. शास्त्र आणि कायदा मागाहून.

आमच्या औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना काही वर्षांपूर्वी बंद पडला. त्याच्या फाटकावर एक तांबडा कुत्रा असे. कामगार त्याला ‘हवालदार’ म्हणत. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की तो उठून फाटकाशी उभा राही. डब्यातली अर्धी भाकरी त्याची ठरलेली. गेट-मीटिंगला मी बोलू लागलो की तो माझ्या पायाशी येऊन बसे. पुढे कारखान्याला टाळे लागले, माणसे पांगली, कोणी गावी गेले, कोणी रिक्षा चालवू लागले; हवालदार मात्र बंद फाटकाशी बसून राहिला. त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या तेव्हा मला राहवले नाही. एका रिक्षात घालून मी त्याला घरी आणले. या कामाला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासाचे माझे मलाच फार कौतुक वाटले.

घरी दोन खोल्या आणि अंथरुणाला खिळलेली आई. आठ दिवसांत मी त्याच्यासाठी दुसरे घर शोधू लागलो. गावाबाहेर राहणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाला राखणीला कुत्रा हवा होता. त्यांनी विचारले, “स्वभावाने कसा आहे?” मी म्हणालो, “गरीब आहे हो, अगदी गाय.” हे अर्धसत्य होते. खाताना कोणी जवळ आले तर हवालदार गुरगुरत असे, आणि एकदा त्याने एका वॉचमनच्या पोटरीला दात लावले होते. मला हे ठाऊक होते. पण सांगितले तर ते नको म्हणतील, या भीतीने मी गप्प बसलो. अकराव्या दिवशी त्या घरातली पाच वर्षांची मुलगी त्याच्या खाण्याच्या थाळीपाशी गेली आणि तो तिच्या दंडाला कडकडून चावला.

दवाखान्यात मुलीच्या आईने मला एकच प्रश्न केला, “दादा, हा आधी कुणाला चावला होता का?” मी म्हणालो, “हो, वहिनी.” त्या पुढे काहीच बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. मुलगी सगळी इंजेक्शने घेऊन बरी झाली, दंडावर व्रण राहिला. त्याच रात्री घरच्या माणसांनी हवालदाराला गाडीत घालून कुठेतरी लांब सोडून दिले. मी चार दिवस मोटारसायकलवर हिंडलो. तो सापडला नाही. बंद फाटकाशी त्याला निदान नावाने हाक मारणारा एक वॉचमन होता. मी त्याला जिथे पोचवले, तिथे तेवढेही नव्हते.

श्रोतेहो, कुत्रे उचलणे हे या कामाचे सर्वांत सोपे अंग आहे. कुत्रा दहा-बारा वर्षे, कधी त्याहून अधिक जगतो. ज्याने उचलले त्याने त्या सगळ्या वर्षांची व्यवस्था लावण्याचा भार अंगावर घेतला, मग ती स्वतःच्या घरी असो वा दुसऱ्याच्या. आम्हा चळवळीतल्या माणसांना हे नवे नाही. सही झाल्यावर गुलाल उधळायला सगळे असतात. करारातले प्रत्येक कलम पुढे तीन वर्षे पाळून घेताना मात्र चारच माणसे उरतात.

इतिहासही हेच सांगतो. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत मोकाट कुत्री मारण्याची सरकारी मोहीम चालली होती. पारशी धर्मात कुत्रा पवित्र. पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दंगा झाला, दुकाने बंद राहिली, शिपायांची रसद अडली. कुत्र्यांसाठी झालेला हा हरताळ आम्हा संपवाल्यांनी जरूर अभ्यासावा. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दोन वर्षांनंतरची गोष्ट. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि इतर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. दंगा लवकरच शमला. पांजरपोळातल्या जनावरांना मात्र रोज चारापाणी लागले, आणि भुलेश्वरची ती संस्था आजही चालू आहे. खरा उपकार झाला तो या रोजच्या चाऱ्याने.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. समोरचे कुत्रे उचलावे की नाही? रस्त्यावर दिसणारे प्रत्येक कुत्रे निराधार नसते. धडधाकट, मोठे झालेले कुत्रे आपल्या हद्दीत, ओळखीच्या माणसांत राहत असते. त्याला एकदम बंद खोलीत कोंडले तर ते खाणे सोडते, दार ओरबाडते, संधी मिळताच पळते. अशा कुत्र्यासाठी नसबंदी आणि रेबीजची लस हाच मोठा उपकार. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडलेली असते. ती आधी पाहावी. २००१ चे केंद्र सरकारचे नियम आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे नियम याच तत्त्वावर आहेत : पकडावे, शस्त्रक्रिया करावी, लस द्यावी आणि होते तिथे परत सोडावे. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व राखले, मात्र पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री सोडू नयेत असे बजावले. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतली कुत्री पुन्हा त्याच जागी सोडू नयेत, असा आदेश दिला. म्हणून हात घालण्यापूर्वी नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात चालू नियम विचारून घ्यावा.

पिल्लांच्या बाबतीत तर घाई फार होते. पिल्ले एकटी दिसली म्हणजे आई मेली असे नव्हे. ती अन्न शोधायला गेलेली असते. दुरून काही तास पाहावे. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. दूध तर जातेच, पण खेळताना किती जोरात चावायचे नाही, हे ते आईपाशी आणि भावंडांतच शिकते. उचलावे ते जखमी, आजारी, खरोखर पोरके झालेले आणि घरातून हाकललेले कुत्रे. हे शेवटचे ओळखणे कठीण नसते. मानेवर पट्ट्याचा वळ असतो, गर्दीत ते भांबावते, प्रत्येक माणसाच्या मागे थोडे चालून परत फिरते. तेसुद्धा चुकलेले असू शकते. म्हणून आधी मालकाचा शोध घ्यावा, आसपास चौकशी करावी, आणि मगच नवे घर पाहावे.

दुसरी गोष्ट जिवाच्या सुरक्षिततेची. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस काय, कुत्रा काय, वाचत नाही असेच धरून चालावे. पिसाळलेले कुत्रे नेहमी धावून अंगावर येते असे नाही. काही कुत्री सुस्त होतात, जबडा लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही. घशात हाड अडकले असे समजून भली माणसे त्या तोंडात हात घालतात. असे कदापि करू नये. रोग अंगात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत कित्येक आठवडे, कधी महिनेही जातात. तेव्हा लहानसे, गोजिरवाणे पिल्लूदेखील निर्धोक समजू नये. चावा किंवा ओरखडा बसला तर हळद, चुना, तंबाखू काही लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. त्वचेत द्यायची लस पहिला दिवस ० धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. स्नायूत द्यायची असेल तर १४ व्या दिवशीचा आणखी एक डोस असतो. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही भरावे लागते. चावलेले कुत्रे दहा दिवस नजरेखाली ठेवायचे असते. ते ठणठणीत राहिले तर उपचार पुढे कसा न्यावा हे डॉक्टर ठरवू शकतात. हवालदाराला हाकलून दिल्यामुळे त्या मुलीच्या बाबतीत हा मार्गच बंद झाला. जे नेहमी हे काम करतात त्यांनी चावा बसण्यापूर्वीच प्रतिबंधक लस घेऊन ठेवावी.

तिसरी गोष्ट वेगळे ठेवण्याची. आणलेले कुत्रे त्याच दिवशी घरातल्या दुसऱ्या कुत्र्यांत सोडू नये. निदान दोन आठवडे ते स्वतंत्र ठेवावे, भांडी वेगळी, हातपाय धुणे वेगळे. पार्व्हो नावाचा रोग उलट्या आणि रक्ताची हगवण लावून चार दिवसांत पिल्लू नेतो, आणि त्याचे विषाणू फरशीवर, मातीत कित्येक महिने टिकतात. नुसत्या फिनेलवर विसंबू नये. फरशी स्वच्छ करून ब्लीचिंगच्या पाण्याने धुवावी. ज्या जागी एक पिल्लू पार्व्होने गेले, तिथे लस न टोचलेले दुसरे पिल्लू आणणे म्हणजे त्याला मरणाच्या दारात बसवणे होय. पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचे होईपर्यंत लस द्यावी लागते, आणि साधारण तिसऱ्या महिन्यात रेबीजची. जंताचे औषध, गोचीड काढणे हे आहेच. उपाशी कुत्र्यापुढे एकदम पातेलेभर अन्न ठेवू नये. थोडे थोडे, अनेक वेळा द्यावे. घरातली आयबुप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी तर कुत्र्याला विषासारखी बाधू शकते, औषध पशुवैद्याचेच.

या दोन आठवड्यांचा आणखी एक उपयोग आहे. नवखे कुत्रे पहिले काही दिवस भीतीने गप्प असते, आणि आपण म्हणतो, किती शहाणे! त्याचा खरा स्वभाव नंतर उघडा होतो. खाताना कोणी जवळ गेले तर ते काय करते, मुले धावली तर काय करते, मांजर दिसले तर काय करते, एकटे ठेवले तर काय करते, हे पाहून वहीत लिहावे. हीच वही पुढे नव्या घरच्या माणसांपुढे ठेवायची. मी हवालदाराची वही ठेवली असती आणि ती दाखवण्याची हिंमत केली असती, तर त्या मुलीचा दंड वाचला असता.

आता घर निवडण्याविषयी. मागायला येणारा प्रत्येक जण सज्जनच असतो. प्रश्न त्याच्या सज्जनपणाचा नसून व्यवस्थेचा असतो. म्हणून न लाजता विचारावे. घरातल्या सर्वांची संमती आहे का, की एकट्या मुलाचा हट्ट आहे? घर भाड्याचे असेल तर मालकाला सांगितले आहे का? दिवसभर घरी कोण असते? गावी जाताना कुत्रे कुठे राहील? बदली झाली तर? डॉक्टरचा खर्च झेपेल का? पूर्वी कुत्रे पाळले होते का, आणि त्याचे काय झाले? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात बाकीची सगळी उत्तरे बहुधा सापडतात. शक्य तर घर डोळ्यांनी पाहून यावे. वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू देऊ नये. वाढदिवस एका दिवसात संपतो. ‘शेतावर मोकळे राहील’ या वाक्यालाही भुलू नये; पुष्कळदा तिथे एक खुंटा आणि एक साखळी एवढेच असते. १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यात सदा साखळीने बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्याची हेळसांड करणे हा गुन्हा आहे, आणि उपासमार होईल अशा रीतीने जनावर टाकून देणे हाही गुन्हाच आहे. त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये. एवढ्या दंडाने कोण धास्तावणार? म्हणून कायद्यावर भिस्त न ठेवता माणसे पारखून घ्यावी लागतात.

देण्यापूर्वी कुत्रे वयात आलेले असेल तर नसबंदी करूनच द्यावे. “आम्ही करून घेऊ” हे वचन बहुतेकदा प्रामाणिक असते आणि बहुतेकदा राहून जाते. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, आणि सुमारे त्रेसष्ट दिवसांत वितो; एका आळसापायी पाच-सहा नवे जीव पुन्हा त्याच रस्त्यावर येतात. देताना साध्या कागदावर करार लिहावा : लशींच्या तारखा, आजार, स्वभावातले दोष, पट्ट्याशिवाय बाहेर न नेण्याची अट, आणि सर्वांत महत्त्वाचे कलम म्हणजे, ‘न जमल्यास कुत्रे दुसऱ्या कोणाला न देता किंवा न सोडता आम्हाला परत करावे.’ परत आणणाऱ्याला कधीही टाकून बोलू नये. त्याला एकदा लाजवले की दुसरा माणूस परत आणण्याऐवजी रात्री महामार्गावर सोडून येतो. पहिल्या आठवड्यात, महिन्याने आणि सहा महिन्यांनी चौकशी करावी. वर सांगितलेल्या ऑगस्टच्या आदेशात न्यायालयानेही दत्तक घेऊ इच्छिणाऱ्याने नगरपालिकेकडे अर्ज करावा आणि ते कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्याचीच राहील, असे म्हटले आहे.

घेणाऱ्यांनाही दोन शब्द. नवे कुत्रे पहिल्या काही दिवसांत पळून जाण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. दार उघडताना पट्टा हातात असावा. पाहुणे बोलावून त्याचे प्रदर्शन मांडू नये. त्याला एक कोपरा द्यावा आणि तिथे त्याला कोणी छेडू नये. लहान मूल आणि कुत्रे यांना एकत्र असताना मोठ्या माणसाने नजरेआड करू नये, मग कुत्रे कितीही गुणी असो. नगरपालिकेचा परवाना काढावा, रेबीजची लस पशुवैद्य सांगेल त्या तारखेला चुकवू नये, आणि रस्त्यावरची घाण आपण उचलावी. शेजाऱ्याला कुत्र्याची भीती वाटत असेल तर तो कुत्र्याचा शत्रू नव्हे. त्याच्या भीतीचा मान राखणाऱ्याच्याच कुत्र्याला आळीत जागा मिळते.

आता ज्याविषयी उघड बोलणे टाळले जाते ते सांगतो. या कामात दया हीच कधी कधी खड्डा होते. एक कुत्रे, मग चार, मग अकरा. नाही म्हणवत नाही, आणि कोणाच्या हाती सोपवतही नाही, कारण ‘माझ्यासारखे कोणी सांभाळणार नाही.’ पाहता पाहता दोन खोल्यांत वीस कुत्री होतात, खरूज पसरते, मारामाऱ्या होतात, शेजारी तक्रार करतात, नवराबायकोत अबोला येतो, कर्ज होते. त्या माणसाचे प्रेम खोटे नसते. तरी त्या खोल्यांतली कुत्री रस्त्यावरच्याहून वाईट स्थितीत जगतात. म्हणून आपला आकडा आधीच ठरवावा, आणि तो भरला की एक गेल्याशिवाय दुसरे घेऊ नये. ‘नाही’ हा शब्द या कामात निष्ठुर नाही.

पैशाचेही तसेच. जखमी पिल्लाचा फोटो पाहून लोक मोबाईलवरून पैसे पाठवतात. आणि हिशोब मागितला की कार्यकर्त्याला राग येतो. आम्ही युनियनमध्ये शिकलो ते असे, की वर्गणीचा हिशोब मागण्याआधी द्यावा. दवाखान्याचे बिल, औषधाची पावती, शिल्लक, सगळे महिन्याच्या महिन्याला फळ्यावर लागले पाहिजे. हिशोब देणाऱ्याला दुसऱ्यांदा मदत मिळते, आणि त्याच्यामुळे तिसऱ्यालाही मिळते.

काही कुत्र्यांना घर मिळत नाही. काही इतकी घायाळ असतात की पशुवैद्य वेदनारहित मरणाचा सल्ला देतो. तो निर्णय एकट्या भावविवश माणसावर टाकू नये, आणि तो घेणाऱ्याला खुनीही म्हणू नये. अशा वेळी शेवटच्या क्षणी हात त्या मस्तकावर ठेवून तिथे थांबणे, हासुद्धा घेतलेल्या जबाबदारीचाच भाग आहे.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, मग या फंदात पडूच नये! माझे म्हणणे तसे नाही. एकट्याने पडू नये, एवढेच. एकाने उचलावे, दुसऱ्याने दवाखाना पाहावा, तिसऱ्याने खोली द्यावी, चौथ्याने वही आणि हिशोब ठेवावा, पाचव्याने घरे पाहून यावीत. पाच माणसांची ही कमिटी कोणत्याही आळीत होऊ शकते. हवालदारानंतर आम्ही बंद कारखान्यातल्या पाच जणांनी अशीच कमिटी केली. आमचा आकडा एका वेळी तीन. गेल्या काही वर्षांत थोड्याच कुत्र्यांना घरे मिळाली, पण प्रत्येकाची वही आहे आणि प्रत्येक वहीत दोष पहिल्या पानावर लिहिलेले आहेत. ते वाचून कित्येक जण नको म्हणून परत जातात. जे वाचूनही घेतात, ते सहसा परत करीत नाहीत.

ती मुलगी आता शाळेत जाते. मागच्या दिवाळीला तिच्या घरी गेलो होतो. कुत्रे दिसले की ती अजूनही आईचा पदर धरते. तिची भीती मला माझ्या एका अर्धसत्याची आठवण करून देते, आणि ती आठवण राहावी हेच बरे. आपणांपैकी कोणी उद्या एखादे पिल्लू उचलणार असेल, तर त्याने आधी पाठीमागे कोण कोण उभे आहे ते पाहावे, आणि जे ठाऊक आहे ते सगळे खरे सांगावे. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.